गुंतवळ

"केसांवर भांडीऽऽ!" दारावर हाक आली, तशी मी विंचरताना गळलेल्या केसांची पिशवी बाहेर आणली.

मागच्या खेपेला या भांडीवालीनं माझ्या केसांच्या बदल्यात चक्क स्टीलचा डबा दिला होता. तो घासताना मला रडू यायचं. मग सून हट्टालाच पेटली. खोबरेलात रोजमेरीच्या तेलाचे थेंब घालून दर रविवारी माझं डोकं चोळू लागली.

आज भांडीवालीनं गुंतवळ तळहातावर घेऊन तोंड वाकडं केलं. "काकू, सहा महिन्यांत एवढंच? यात चहाची गाळणीपण येणार नाही."

"केतकी, ऐकलंस का गं?" मी सुनेला ओरडूनच सांगितलं. "गाळणीसुद्धा नाही!"

भांडीवाली टोपली उचलायला लागली. मी तिला बसवून घेतलं, चहा टाकला आणि आमच्या जुन्याच गाळणीनं गाळला.