दोनदा हॉर्न

मलाजखंडच्या खाणीत दिवसभर डंपर चालवून लोकेश क्वार्टरवर आला, की खाटेवर पडून फोनवर पुन्हा ट्रकच चालवायचा. गेम चाले बालाघाटला, घरच्या कॉम्प्युटरवर. फोनवर त्याचं चित्र आणि आवाज येई. तिकडचा माइक उघडाच असायचा, त्यामुळे घरचा पंखासुद्धा ऐकू येई. खाणीची सवय अशी, की गेममध्येही ट्रक हलवण्याआधी तो दोनदा हॉर्न द्यायचा.

कॉम्प्युटर लावून दे म्हणायला तो रोज मायला फोन करी, आणि रोज ती विचारी, "घरी कवा येतं रे?"

आज तिने विचारलं नाही. "चालूच तं हाय," एवढंच म्हणाली. कोणी लावला, हे विचारायचंही त्याच्या जिवावर आलं.

पडल्या पडल्या त्याचा डोळा लागला. दोनदा हॉर्न वाजला तेव्हा तो जागा झाला. फोन छातीवर होता, हात बाजूला, आणि ट्रक आपला नीट चालला होता.

मग पंख्याच्या घरघरीतून मायचा आवाज आला. "लोकेश, चहा थंडा होऊन राह्यला ना बापा."

ट्रक कडेला थांबला. घरची खुर्ची करकरली, आणि माइकच्या अगदी जवळून त्याचाच दमलेला आवाज म्हणाला, "हौ माय, आलो."