डावा पाय

चढाच्या अर्ध्यावर रुपरावनं ट्रक मुद्दाम थांबवला. मागे सोळा टन सिमेंट होतं. त्याचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला आणि नुसत्या पत्र्यावर आपटला. तिथं आता पेडलच नव्हतं.

गेल्याच आठवड्यात हिंगण्याच्या वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्सवर एक नवं यंत्र बसवलं होतं. ते स्वतःच क्लच दाबायचं, स्वतःच गिअर बदलायचं. चालवणाऱ्यानं फक्त ॲक्सिलरेटर आणि ब्रेक सांभाळायचा. मालक मनोहरराव यांच्या नऊ ट्रकांपैकी हा पहिला. बाकीचे आठ बदलायचे की नाही, हे रुपराव काय सांगतो त्यावर ठरणार होतं. अठ्ठावीस वर्षं तो त्यांच्याकडे गाडी चालवत होता. गाडीच्या बाबतीत मालकानं त्याचा शब्द कधी मोडला नव्हता.

बाकीच्या ड्रायव्हरांनाही हे ठाऊक होतं. सकाळी निघताना कवडूनं त्याला बाजूला घेतलं. कवडू त्याच्याच वयाचा, पंचावन्नच्या आसपासचा, आणि या यंत्रावर सगळ्यात जास्त भडकलेला. क्लच गेला की कालचं पोरगंही येऊन स्टिअरिंगवर बसेल, मग आपल्याला कोण विचारतं, असं त्याचं म्हणणं होतं.

"चढावर गाडी मागं येते, येवढंच सांग गा," तो म्हणाला. "आमच्या पोटाचा सवाल हाय."

रुपरावनं होकाराची मान हलवली होती. पण खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. म्हणून त्यानं मनाशी ठरवलं, गाडी खरंच मागे आणायची. मग सांगताना जीभ अडखळणार नाही.

आरशात पाहिलं. मागे रस्ता मोकळा होता. त्यानं ब्रेक सोडला. शेजारी वर्कशॉपची इंजिनिअर अदिती बसली होती. त्याच्या पायाकडे तिचं लक्ष होतं. गाडी तसूभरही मागे सरकली नाही. रुपरावनं ॲक्सिलरेटरला जरासा पाय लावला. इंजिन घुमलं आणि सगळं वजन घेऊन गाडी सरळ वर निघाली.

रुपराव मनातल्या मनात खजील झाला. तरी त्यानं ठरवलेलं बदललं नाही. बाकीच्या ड्रायव्हरांच्या घरांचा प्रश्न होता. मागे येते म्हणून सांगून टाकू, एकदा खोटं बोललो तर काय बिघडतं, अशी तो स्वतःची समजूत घालत राहिला.

परतताना वाडीच्या चौकात जाम लागला. पुढे एक कंटेनर आडवा बंद पडला होता. दहा फूट पुढे जायचं आणि थांबायचं, पुन्हा दहा फूट. ऊन काचेतून मांडीवर येत होतं. अदितीनं पाण्याची बाटली पुढे केली. तो दोन घोट प्यायला आणि पुन्हा दहा फूट पुढे सरकला. असा तास गेला.

चौक ओलांडल्यावर त्याच्या लक्षात आलं की गुडघा दुखलाच नाही.

दोन वर्षांपासून डावा गुडघा त्याचा जीव काढत होता. असा जाम लागला की क्लच दाबून दाबून घामाच्या धारा लागायच्या. हुडकेश्वरच्या घरी पोचल्यावर तो फाटकापाशीच बसून राहायचा, आणि बायको, पंचफुला, त्याला हात धरून आत न्यायची. डॉक्टरनं गाडी सोडायला सांगितलं होतं. हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. दुखतं म्हणणाऱ्या ड्रायव्हरला फेरी मिळत नाही, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. येत्या दिवाळीपर्यंत कसंबसं ओढायचं आणि मग घरी बसायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं.

रुपरावनं डावा पाय लांब केला. मग जवळ घेतला. पुन्हा लांब केला. हिंगण्याला पोचेपर्यंत तो हेच करत राहिला.

वर्कशॉपच्या आवारात मनोहरराव उभे होते. जरा अंतरावर कवडू, गोलू आणि बाकीचे ड्रायव्हर जुन्या टायरांवर बसले होते. रुपराव केबिनमधून उतरला. मालकानं विचारलं, गाडी कशी आहे.

"सांगतो," रुपराव म्हणाला. "पण आधी मले एक सांगा. गाड्या बदलल्यावर माणसंबी बदलान का?"

 मनोहररावांनी आवाराच्या कडेला बोट दाखवलं. "ते तीन ट्रक डायवर भेटत नाही म्हणून गेल्या दिवाळीपासून उभे हायेत. माणसं बदलाले माणसं आणू कुठून?"

रुपरावनं मालकाकडे पाठ केली आणि तो ड्रायव्हरांकडे वळला. 

"गाडी मागं नाही आली. म्या आणून पायली, तरी नाही आली." त्यानं डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "दोन वर्सं झाले, माया डावा गुडघा गेला हाय. डॉक्टरनं गाडी सोड म्हटलं. तुमच्यापासून लपवून राहिलो होतो. आज वाडीचा जाम तासभर काढला आन् गुडघा दुखला नाही. आता मी अजून दहा वर्सं गाडी चालवीन."

 गोलूनं मान खाली घातली. रुपराव कवडूकडे बघत होता. तो आता शिव्या देणार, असं त्याला वाटलं, आणि त्या खाऊन घ्यायची त्याची तयारीही होती.

कवडू टायरवरून उठायला लागला. एका झटक्यात त्याला उठता आलं नाही. दोन्ही हात डाव्या गुडघ्यावर दाबून, दात आवळून तो उभा राहिला आणि लंगडत मालकासमोर आला.

"मालक," तो हळूच म्हणाला, "माया गाडीचा नंबर कधी लागन?"