दाजींची सही

“मी सही करणार न्हाई,” महारुद्र म्हणाला आणि त्यानं पेन सतरंजीवर ठेवून दिलं.

गोपाळचा चेहरा उतरला. महारुद्र त्याचा दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा. बहीण प्रियांका काविळीनं गेली तेव्हा तिचा चैतू जेमतेम दोन वर्षांचा होता. महारुद्र पाथरीहून प्रवासी जीप चालवायचा. दिवसभर रस्त्यावर. पोर बोलत नव्हतं, कुणाच्या नजरेला नजर देत नव्हतं, हॉर्न वाजला की कानांवर हात दाबून किंचाळत सुटायचं. मामा-मामी, म्हणजे गोपाळ आणि राजेश्री, त्याला चार दिवस म्हणून सेलूला घेऊन आले. ते चार दिवस काही संपले नाहीत. आता चैतू आठ वर्षांचा होता.

तो स्वमग्न आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. राजेश्रीनं ते ऐकून घेतलं आणि कामाला लागली. त्याला हातानं जेवायला शिकवलं, शर्टाची बटणं लावायला शिकवली, कुकरची शिट्टी होण्याआधी त्याला मागच्या अंगणात नेऊन बसवायची सवय घरादाराला लावली. अशा मुलांना शिकवणाऱ्या बाई असलेली एक शाळा परभणीत सापडली. पण शाळा असो की दवाखान्याचा दाखला, प्रत्येक टेबलावर तिला तेच विचारलं जाई.

“तुम्ही मुलाच्या कोण?”

“मामी.”

“मग आईवडिलांना घेऊन या.”

राजेश्री तशीच परतीची रेल्वे धरायची. एवढा मोठा झालेला चैतू तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेला असायचा.

शेवटी ती परभणीच्या वकीलबाई संघप्रिया यांच्याकडे गेली. दत्तकाची आणि अशा मुलांच्या शाळेची कामं त्या आपुलकीनं बघतात, असं तिनं ऐकलं होतं. “मामा-मामींना दत्तक घेता येतं,” संघप्रिया म्हणाल्या, “फक्त जन्मदात्या वडिलांची संमती हवी. मग जिल्हाधिकाऱ्यांकडून आदेश काढून घेऊ.” त्या संमतीसाठीच आज त्या स्वतः सेलूला आल्या होत्या. महारुद्रलाही बोलावलं होतं. तो आला, बसला, सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

“दाजी, तुमी कवा त्याला जवळ तरी घेतलं का?” गोपाळ तडकून बोलला. “महिन्याला येता, ओट्यावर बसता, चहा पिता अन् जाता. अन् आता सही बी करंनात.”

महारुद्र खाली बघत राहिला. राजेश्री दारात उभी होती.

“जीप कुठं लावता ते सांगा की यांना,” ती त्याला म्हणाली.

मग तिनंच सांगितलं. “कापसाच्या जिनिंग मिलच्या पल्याड लावतेत. तिथून चालत येतेत. आवाजानं चैतू भिऊ नये म्हणून. ओट्यावर बसतेत ते बी दाराच्या आडोशाला. पोरगं दचकंल म्हणून आत येईनात. तासभर तिथूनच त्याचा आवाज ऐकत बसतेत.”

गोपाळला हे ठाऊक नव्हतं. दाजी चालत येताना दिसले की एसटीनं आले असतील, असंच त्याला वाटायचं.

महारुद्रनं मान वर केली. “मॅडम, एकच इचारतो. मी सही केली तर मग मी त्याचा कोण?”

संघप्रियांना काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी तसं केलं नाही.

“कायद्यानं कोणी नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आदेश निघाला की तो यांचा मुलगा. तुमचं त्याच्याशी नातं कागदोपत्री संपतं.”

आतल्या खोलीत चैतू गुणगुणायला लागला. खुशीत असला की तो असाच एक सूर धरून बसायचा. महारुद्र ऐकत राहिला.

“पर शाळा मिळंल ना त्याला?”

“शाळेचा हक्क त्याला आहेच. तुमच्या संमतीनं एवढंच होईल, की त्याच्यासाठी भांडताना यांना कुणी ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारणार नाही.”

महारुद्रनं पेन उचललं. जिथं संघप्रियांनी बोट ठेवलं तिथं तिथं त्यानं सही केली. अक्षर वेडंवाकडं येऊ नये म्हणून फार जपून केली. मग कागद स्वतःच नीट करून त्यांच्या हातात दिले आणि उठला.

“मी निघतो,” तो ओट्यावर चपला घालत म्हणाला. “आता सारखं सारखं यायला बरं दिसायचं न्हाई. लोक इचारतील, हा कोण येऊन बसायलाय.”

राजेश्रीनं पदर तोंडाला लावला. गोपाळ मात्र उठून बाहेर गेला आणि पायरीवर त्याच्यासमोर आडवा उभा राहिला. त्यानं महारुद्रचा हात धरला.

“मी बाप झालो की मामाची जागा रिकामी व्हायलीय, दाजी. ती तुमच्याबिगर कुणाला देऊ?”