सासूबाईंचं बोट

"मावशी, मी सांगेपर्यंत बोट हलवायचं नाही. शिंक आली तरी नाही," सर्जनबाई म्हणाल्या.

सासूबाईंचं बोट जावयाच्या मानेत होतं. वरवर टेकलेलं नव्हे, चांगलं पेरभर आत. त्याच्या काचेच्या दुकानात आरसा कापताना काच तडकली आणि एक तुकडा त्याच्या मानेच्या डाव्या बाजूला घुसून गेला. सासूबाई समोरच उभ्या होत्या. आरसा त्यांच्याच कपाटाचा होता. रक्ताची चिळकांडी उडाली तसं काही सुचायच्या आत त्यांनी तिथे बोट खुपसलं, ते अजून काढलेलं नव्हतं. अपघात विभागातल्या एका डॉक्टरने जखम बघायला म्हणून ते जरासं उचलायला लावलं, तर त्याचा चष्मा रंगला. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

मग दोघांना तसंच ऑपरेशनला घेण्याशिवाय दुसरा इलाजच नव्हता. जावयाच्या मानेबरोबर सासूबाईंचा हातही कोपरापर्यंत औषधाने माखला आणि दोघांवर मिळून एकच हिरवी चादर पसरली.

"नातेवाईक थेट टेबलापाशी? हे कुठल्या नियमात बसतं?" भूल देणारे डॉक्टर कुरकुरले.

"सध्या ऑपरेशन त्यांचं बोटच करतंय," सर्जनबाई म्हणाल्या. "मी आपली मदतीला आहे."

सासूबाई चादरीखाली स्टुलावर बसल्या होत्या. दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. एरवी त्या जावयाशी अहो-जाहो करूनच बोलायच्या. चादरीखाली तो सगळा मानपान गळून पडला. "अरे बाळा, टिकून राहा रे," त्या पुटपुटत होत्या. "जाऊ नकोस रे राजा." तो भुलेत होता, त्याला कशाचाच पत्ता नव्हता. बाकीच्यांना ऐकू येत होतं, आणि त्यांना गप्प बसा असं कुणी म्हणालं नाही.

मेंदूकडे रक्त नेणारी मोठी रोहिणी सर्जनबाईंनी जखमेच्या खाली, धड असलेल्या जागी शोधून काढली आणि तिला चिमटा लावला. मग वर, जबड्यापाशी, दुसरा. आता मधल्या फाटक्या भागाकडे रक्त येऊ शकत नव्हतं.

"मावशी, आता काढा."

बोट निघेना. ते आखडून गेलं होतं. "माझं ऐकतच नाही हो ते," सासूबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या. शेवटी सर्जनबाईंनीच ते हलक्या हाताने सोडवलं. सगळे श्वास रोखून बघत राहिले. रक्त आलं नाही.

संध्याकाळी सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा सासूबाई लेकीला कुशीत घेऊन बाकावर बसल्या होत्या.

"पायातली शीर काढून ठिगळ लावलंय. जिवावरचं टळलं," सर्जनबाई म्हणाल्या. "पण मेंदूला थोडा वेळ रक्त कमी पडलं असणार. उजवा हात चालेल का, बोलता येईल का, हे ते जागे झाल्यावरच कळेल. जीभ हलवणारी नसही अगदी जखमेला लागून आहे, ती दुखावली असेल तर जीभ एका बाजूला वळेल."

लेकीने आईचा हात घट्ट धरला. तिचा नवरा म्हणजे पक्का बोलघेवडा. निम्मं दुकान त्याच्या बडबडीवर चालायचं.

"तुमचे उपकार कसे फेडू, बाई?" सासूबाईंनी हात जोडले.

"उलट मीच तुमची आभारी आहे. तुम्ही बोट काढलं असतं, तर माझ्यापर्यंत कुणी पोचलंच नसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी जावयाच्या तोंडातली नळी काढली. सर्जनबाई पलंगाशी उभ्या राहिल्या, लेक उशाशी, सासूबाई पायथ्याशी.

"उजवा हात वर करा." हात वर गेला.

"माझी बोटं दाबा. अहो, हळू! मला अजून शिवायची आहेत माणसं."

"ह्या कोण?" त्यांनी लेकीकडे बोट केलं.

"मालकीणबाई," घोगरा आवाज आला. लेक हसली आणि हसता हसता हुंदके द्यायला लागली.

"छान. आता जीभ बाहेर काढा. पूर्ण, सरळ."

त्याने समोर बघितलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

"काढा ना."

त्याने मान जराशी हलवली, नाही म्हणून. सर्जनबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. त्या खाली वाकल्या. "जमत नाहीये का?"

"तसं नाही," तो कसाबसा म्हणाला. "सासूबाई... समोर आहेत."

"काढ रे बाळा!" सासूबाई ओरडल्याच. "चांगली मुळापासून काढ!"

त्याने जीभ काढली. थेट सासूबाईंच्या दिशेने, लांब, कुठेही न कलंडलेली.

"एकदम सरळ," सर्जनबाई म्हणाल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. "झालं. घ्या आता आत."

सासूबाईंचे डोळे भरून वाहत होते.

"राहू द्या हो जरा," त्या म्हणाल्या. "बघू द्या मला अजून."