वाळिंबे सरांचा डावा पाय

तीस वर्षं साताऱ्यात गाडी शिकवून निवृत्त झाल्यावर वाळिंबे सरांनी छोटी कार घेतली. वर्षभरातच तिची क्लचप्लेट झिजून गेली. "हल्लीच्या गाड्यांत दमच नाही," ते गॅरेजमध्ये कुरकुरले.

गॅरेजची मालकीण नसीम त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. नवी प्लेट बसवून ती सरांशेजारी बसली आणि चक्कर मारताना नुसती त्यांच्या पायांकडे बघत राहिली.

"सर, डावा पाय सारखा क्लचवरच आहे तुमचा. प्लेट झिजणारच."

सर ओशाळले. याच सवयीवरून ते सगळ्यांना ओरडायचे.

"शिकवणीच्या गाडीत तुमच्या बाजूलाही क्लच होता ना," नसीम म्हणाली. "आम्ही चुकलो की दाबायला पाय तयार असायचा. आम्ही शिकलो, हे त्याला कुणी सांगितलंच नाही."

गाडी कडेला घेऊन सर पोटभर हसले. मग पाय बाजूला ठेवत म्हणाले, "आता मी चालवतो, तू सांगत जा."