निवलेला खडक

बूट काढायच्या आधीच भूवैज्ञानिकानं आकडा सांगून टाकला. एकशे अठरा अंश! बायको टेबलापाशी बसली होती. पायाशी बॅग होती. चालली असेल चार दिवस माहेरी, असं तो समजला. आज त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

साहेबांची चांगली जिरली, तो म्हणाला. जमिनीतली उष्णता शोधायला घेतलेली बोअर खोदून झाल्या झाल्या साहेबांनी आत तापमापक सोडायला लावला होता. आकडा आला कोमट. खाली काही नाही, गाशा गुंडाळा, असा त्यांचा हुकूम. हा मात्र हटून बसला. खोदताना भोकात सतत पाणी सोडतात, त्यानं खडक तेवढ्यापुरता निवतो. मग महिनाभर त्याला हात लावायचा नाही. खरी धग हळूहळू वर येते. पृथ्वी जन्मताना दगडांवर दगड आदळले, त्या माराची ऊब अजून तिच्या पोटात आहे. शिवाय खडकांतली किरणोत्सारी द्रव्यं फुटत राहतात आणि तिला आतून तापवत राहतात. ती काय चार टाक्या पाण्यानं विझणार? महिन्यानं आज पुन्हा मोजलं, तर एकशे अठरा!

बायको ऐकत होती. त्याच बोअरची खोदाई चालू असतानाच त्यांची लेक तापानं गेली होती. निरोपावर निरोप गेले. पाइप अर्ध्यावर आहेत, सोडून येता येत नाही, असं त्यानं कळवलं. दुसऱ्या दिवशी तो पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. बायकोनं त्याला पाणी दिलं, अंघोळीला टॉवेल दिला. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, तोंडून अवाक्षर निघालं नाही. सावरली बिचारी, असं वाटून त्याच्या जिवात जीव आला. लगेच तो कामावर परतला. भिंतीकडेच्या छोट्या खाटेकडे त्यानं तेव्हा पाहिलं नव्हतं, आजही पाहिलं नाही.

"खोदल्याबरोबर घेतलेला आकडा कधीच खरा धरायचा नसतो," तो म्हणाला.

"हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"म्हणजे काय! आमच्यात हे पहिल्याच वर्षी शिकवतात." तो हसला.

बायको उठली. घराची किल्ली तिनं टेबलावर ठेवली आणि बॅग उचलली.

"तरी माझा आकडा तुम्ही दुसऱ्याच दिवशी घेतलात."