चावलेला घास

औषध जेवणावर द्यायचं होतं आणि चिऊ तोंड उघडत नव्हती.

"पेट दुखतं," ती म्हणाली.

"दोन घास खा. मग औषध घे, म्हणजे थांबेल," मयुरेश म्हणाला. तिने मान फिरवली.

त्याच्या सासूबाई, सुमंगलाबाई, ताटाजवळ सरकल्या. पोळीचा तुकडा वरणात बुडवून त्यांनी आपल्या तोंडात टाकला, नीट चावला आणि मऊ गोळा बोटांवर काढला. चिऊने लगेच तोंड उघडलं. आईच्या, नीतूच्या हातून ती अशीच जेवायची. ती गेल्यापासून आजीच्या हातून.

मयुरेशने त्यांचं मनगट धरलं.

"आई, असं नका भरवू."

"खातेय तर खाऊ द्या की. हाडं दिसायला लागलीत पोरीची."

"तिच्या पोटातले जंतू घरातूनच आलेत. मोठ्यांच्या तोंडातून. जूठा बिलकुल मत खिलाना, म्हणाले डॉक्टर."

सुमंगलाबाई हसल्या. "तुमच्या देवासच्या डॉक्टरांना काय कळतंय. टोंकखुर्दला आमच्या घरात सगळी पोरं अशीच वाढली. नीतूला तर मी शाळेत जाईपर्यंत चावून भरवलं. काय झालं तिला..."

त्या थांबल्या.

नीतूला पोटाचाच कॅन्सर झाला होता. हे जंतू लहानपणी पोटात शिरतात, वर्षानुवर्षं राहतात, तिचंही दुखणं बहुधा त्यांच्यामुळेच सुरू झालं असेल, असं डॉक्टर बोलून गेले होते. मयुरेशने ते घरी सांगितलं नव्हतं.

"तिला पण हेच होते का हो?" सुमंगलाबाईंनी विचारलं.

"नाही. तिचं वेगळं होतं."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"विचारलं."

तो खाली बघून पोळी कुस्करू लागला. सुमंगलाबाईंनी त्याची कुस्करणारी बोटं पाहिली. मग बोटांवरचा घास मुठीत मिटून उठल्या आणि मोरीत गेल्या.

चिऊचं तोंड अजून उघडंच होतं. मयुरेशने चमच्याने वरणपोळी भरवली. तिने ती गिळली नाही, गालात धरून ठेवली आणि मोरीकडे कान दिला.

आत नळ वाहत होता. आजी चूळ भरत होती, थुंकत होती, पुन्हा भरत होती.